हल्लूमाचं पाणी

पुढच्या चाकातून आधी फुस्स असा आवाज आला, मग हँडल मबरूकाच्या हातातून निसटू लागलं, आणि मोटारसायकल ऑलिव्हच्या बागेशेजारी निवडुंगाच्या कुंपणात घुसता घुसता थांबली. असल्या कुंपणांशी तिची चांगली ओळख होती. महिन्याभरापूर्वी गाडी शिकताना ती दोनदा काट्यांत पडली होती, आणि जावेने चिमट्याने काटे उपसता उपसता तिची यथेच्छ हजेरी घेतली होती.

"चोपन्नाव्या वर्षी कशाला हवीत ही थेरं?" जाऊ म्हणाली होती. "पंक्चर झालं की बसशील रस्त्यात रडत."

रडायला मबरूकाला वेळ नव्हता. ती मयतांना आंघोळ घालायची. जेर्बा बेटाच्या या टोकाला कुठल्याही घरातली बाई गेली की बोलावणं तिलाच यायचं. तीस वर्षं तिचा नवरा अम्मार तिला याच गाडीवरून पोचवायचा आणि तिचं काम होईस्तोवर दाराबाहेर सिगारेट ओढत बसायचा. गेल्या हिवाळ्यात अम्मार स्वतःच गेला. विधवेने घरात काढायचे दिवस संपले, तशी तिने खिळ्यावरची किल्ली काढून घेतली.

आज पहाटे हल्लूमा गेली होती. मबरूकाला हे काम शिकवलं ते हल्लूमाने, आणि नजर अधू झाल्यावर आपली जस्ताची परातही तिलाच देऊन टाकली. देताना दोन गोष्टी बजावल्या. या परातीला जित्या माणसाची वस्तू लावायची नाही. आणि मयताच्या अंगावर जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही. त्याच दिवशी दोघींचं ठरलं, की जी आधी जाईल तिला मागे राहिलेलीने न्हाऊ घालायचं. तेव्हा हल्लूमा खो खो हसली होती.

"तुझा काय भरवसा बाई? अम्मारची ती गाडी सुरू होईस्तोवर मलाच उठून पाणी काढून ठेवावं लागेल."

फोन वाजला. हल्लूमाची सून इन्साफ होती.

"मावशी, कुठवर आलात?"

"पंक्चर झालंय गं. कुणाची तरी गाडी पाठव."

"सगळे पुरुष गाडी घेऊन कबरस्तानात गेलेत. नणंद म्हणते, दुपारची दुसरी नमाज झाली की लगेच न्यायचं. तासाभरात तुम्ही आला नाहीत तर ती शहरातल्या बाईला सांगणार आहे." मग इन्साफचा आवाज खाली आला. "अम्मांना परका हात नको होता हो."

"माहीत आहे मला. येते."

चालत गेलं तर दोन तास लागले असते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मघापर्यंत झाडांत घुमणारी कबुतरंही गप्प झाली होती, आणि ऊन इतकं पांढरं होतं की झाडांच्या सावल्या बुंध्यांशी गोळा झाल्या होत्या.

सीटखाली अम्मारचा पत्र्याचा डबा होता. आत टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, छोटा हातपंप, डिंकाची ट्यूब, आणि कापून, घासून, कडा गोल करून ठेवलेले रबराचे तीन तुकडे. त्याला शेवटी शेवटी दम लागायचा, तरी बसून त्याने हे करून ठेवलं होतं. "तेवढं सांगून तरी जायचंस," ती डब्याला म्हणाली, आणि तिने पट्टी टायरखाली घातली.

पंक्चर कसं काढतात हे तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून शंभरदा पाहिलं होतं. दोन नखं तुटली, पण टायरची एक कड सुटली. चाक जागेवरच असल्याने ट्यूब हातभरच बाहेर येत होती. हवा भरली तर भोक काही सापडेना. त्याला पाणी हवं, आणि ट्यूबखाली सरकेल असं पसरट भांडं.

बागेपलीकडे एक पांढरं घर होतं. मालक फ्रान्सला राहायचे, आणि गेली चार वर्षं ते आलेच नव्हते. दाराचं कुलूप गंजून लाल झालं होतं. अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं होतं, आणि टाक्याच्या कठड्यावर दोर बांधलेला अरुंद पत्र्याचा डबा काठोकाठ भरून ठेवलेला होता. मबरूकाने दोराला हात लावला. दोर ओलाचिंब होता.

"कोण आहे?" तिने हाक मारली.

कुणीच ओ दिली नाही. एखादा मेंढपाळ येऊन गेला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. मग खाली पाहिलं. अंगणातल्या धुळीत फक्त तिच्या चपलांचे ठसे होते.

डबा घेऊन ती गाडीकडे परतली. पसरट भांडं तिच्याजवळ एकच होतं, मागे बांधलेल्या गाठोड्यात, कापूर आणि कापसाबरोबर. तिने परात काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. "हल्लूमा, तुझ्यासाठीच करतेय," असं म्हणून तिने परातीत पाणी ओतलं आणि ट्यूब बुडवली.

एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. सावकाश, एकाच्या मागे एक. या परातीतलं पाणी तिने आजवर कधी कुणाच्या श्वासाने हललेलं पाहिलं नव्हतं. भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. तिने भोकावर बोट दाबलं तेव्हा कुठे बुडबुडे थांबले.

ट्यूब पुसून, घासून तिने डिंक लावला, तो सुकू दिला आणि अम्मारचा तुकडा वर दाबून धरला. तो चिकटला. ट्यूब आत गेली, टायर बसला, पंपाने हवाही भरली. परात मात्र काळी झाली होती. तशीच नेणं तिला जमणार नव्हतं. ती रिकामा डबा घेऊन टाक्याकडे गेली. तो कठड्यावर ठेवून दोर सोडवू लागली, एवढ्यात वाऱ्याची झुळूक यावी तसा पाण्याचा गारवा तिच्या मनगटाला लागला. डबा भरलेला होता. दोरातून थेंब गळत होते.

मबरूका कितीतरी मयतांबरोबर एकटी बसली होती. घाबरणं तिला शोभलं नसतं. डबा तिने दोन्ही हातांनी उचलला, परात तीनदा विसळली, डबा जागेवर नेऊन ठेवला आणि मागे न पाहता गाडीला किक मारली.

ती पोचली तेव्हा शहरातली बाई बाह्या वर सारत होती. "आल्या मावशी," इन्साफ म्हणाली आणि रडू लागली. हल्लूमाच्या लेकीने आधी मबरूकाचे काळे हात पाहिले, मग परात पाहिली, आणि शहरातल्या बाईला बाहेर चहाला नेलं.

मबरूकाने हात कोपरापर्यंत धुतले. इन्साफ तांब्याने पाणी घालू लागली. हल्लूमा शांत पडली होती. केस मागे घेताना मबरूका तिच्या कानाशी वाकली. "उशीर झाला गं. तुझ्या परातीत ट्यूब बुडवली, तेवढं पोटात घाल."

सुरुवात उजव्या हाताने करायची असते. हल्लूमाची मूठ मिटलेली होती. मबरूकाने एकेक बोट सोडवलं, तळहात खिडकीच्या उजेडाकडे वळवला. त्यावर आडवा, ताजा, दोर घासल्याचा वळ होता. मग त्या तळहातावर तिने तीनदा पाणी घेतलं. पुढे पाचदा. पुढे सातदा.

"मावशी, झालं ना?" इन्साफ म्हणाली. "काय आहे तिथे?"

"पाणी घाल."

इन्साफने पाणी घातलं. मबरूकाने बोटं पुन्हा होती तशी मिटवली, आणि कफन अंथरलं तेव्हा सगळ्यांत आधी तो हात झाकला.