‘मनमोकळं’चा माईक

मी माईक बोलतोय. दचकू नका, कुणाचं कौतुक करायला उभा नाही राहिलो. आयुष्यभर तेच केलं. आज जरा खरं सांगतो.

भोसरीच्या दुकानातून मला मिहिरने उचललं. चाकणच्या एका कारखान्याचा हा एचआर मॅनेजर. तिथे मोठमोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनतात. कारखान्याचे प्रमुख मधुसूदनसाहेब नुकतेच दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. कामगारांशी बोलायचं असतं, हे त्यांना तिथे कळलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत नव्हतं कळलं!

मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॅन्टीनमध्ये ‘मनमोकळं’ भरू लागलं. साहेब पाऊण तास बोलायचे. “आपण एक कुटुंब आहोत” हे वाक्य माझ्या जाळीलासुद्धा पाठ झालं. शेवटची पाच मिनिटं कामगारांची. मिहिर मला त्यांच्या तोंडापुढे धरायचा, पण मूठ सैल सोडायचा नाही.

एकदा प्रेस शॉपमधली तनुजा उभी राहिली. मोशीची, बोलायला स्पष्ट.

“सर, चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर मधूनच बंद पडतो. हात आत असला तरी प्रेस थांबत नाही. तीनदा सांगून झालं.”

शेजारून कोंडाजी बोलले. कुरुळीचे, सगळ्यांत जुने ऑपरेटर. “व्हय सायेब, पोरगी खरं बोलतीया. माझ्या डोळ्यांदेखत प्रेस खाली आली.”

मिहिरने मला झटकन मागे ओढलं. “खूप छान मुद्दा! टाळ्या होऊन जाऊ द्या!”

टाळ्या झाल्या. साहेबांनीही वाजवल्या. सेन्सर कधी दुरुस्त होणार, ते कुणी सांगितलं नाही. दुपारी मात्र तनुजाच्या सुपरवायझरने तिला समज दिली, “सगळ्यांसमोर कशाला बोलायचं?”

पुढच्या महिन्यात मिहिरने प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. एका कामगाराने वाचला, “सर, एवढ्या धावपळीत तुम्ही इतके फिट कसे राहता?” साहेब लाजले आणि योगासनांवर अकरा मिनिटं बोलले. तो आवाज मीच घुमवत होतो. असल्या वेळी शॉर्टसर्किट व्हावं असं वाटतं, पण आमची जात टिकाऊ.

त्यानंतर आठवड्याभरात चार नंबरच्या प्रेसने कोंडाजींची दोन बोटं नेली.

दुसऱ्या दिवशी खास ‘मनमोकळं’ भरलं. साहेबांनी आवाज हळवा केला. “सुरक्षितता ही आपल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. थोडं बेसावधपण...”

तनुजा ताडकन उठली. मिहिरच्या हातातून तिने मला हिसकावून घेतलं. “बेसावध कोण होतं, सर?”

मिहिरने भिंतीवरचं बटण दाबलं आणि माझा आवाज गेला. तिने मला टेबलावर ठेवून दिलं आणि तशीच बोलत राहिली. कोणत्या तारखेला सांगितलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. मग ती म्हणाली, “सेन्सर बसेपर्यंत त्या प्रेसवर मी जाणार नाही.” तिच्यामागे अख्खी शिफ्ट उभी राहिली.

सव्वा महिना टाळ्या खाऊन बसलेला सेन्सर तीन तासांत बसला. साहेबांची बदली झाली. बढतीवर, अर्थात! हल्ली ते दुसरीकडे ‘कामगारांशी संवाद’ या विषयावर भाषणं देतात म्हणे.

त्यांच्या जागी पद्मा मॅडम आल्या. मला वाटलं, आता नवं भाषण. पण बाई रोज सकाळी शिफ्टच्या सुरुवातीला थेट मशीनपाशी जातात. “आज काय अडतंय?” एवढंच विचारतात आणि लिहून घेतात. पहिल्या आठवड्यात बाईंना सतरा बिघाड कळले. दुरुस्ती कधी होणार, ती तारीख त्याच मशीनवर लागते. तारीख चुकली, तर बाई स्वतः येऊन का चुकली ते सांगतात. परवा तनुजाने पत्रा तिरका सरकतोय म्हणून अर्धा तास प्रेस बंद ठेवली. मॅडम म्हणाल्या, “बरं केलंस.” त्यावर टाळ्या वगैरे झाल्या नाहीत.

मी आता स्टोअरच्या कपाटात असतो. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा मला बाहेर काढलं. कोंडाजी आता स्टोअर सांभाळतात. मिहिरने सवयीने मला त्यांच्या तोंडापुढे धरलं. “मामा, दोन शब्द बोला.”

कोंडाजींनी तीन बोटांच्या हाताने मला बाजूला सारलं. “ह्यो कशाला? म्याडम हितंच उभ्या हायेत की.”

आणि मॅडमकडे वळून ते बोलू लागले.