बेंचवरची चिन्मयी

अधारतालच्या मेन रोडवर विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधलेला होता. हात जोडलेला नेता खाटेएवढा, आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी अंबरीशची पोरगी. खाली हिंदीत लिहिलेलं: 'भावी राष्ट्रीय खिलाड़ी चिन्मयी को बधाई'. भावी! राज्याच्या टीमची निवड पुढच्या रविवारी, आणि बधाई आजच चिकटवून मोकळे. आपल्या लोकांना दम म्हणून निघत नाही. पोरीनं जिल्ह्याच्या एका फुटबॉल सामन्यात तीन गोल काय मारले, मामी कमानिया गेटवरून खव्याच्या जिलेब्या घेऊन आली, शेजाऱ्यांनी हार घातले, आणि सगळ्यांनी मिळून सोळा वर्षांच्या पोरीचं डोकं फिरवून ठेवलं. निवड हुकली की हेच लोक रस्ता बदलतील. तेव्हा जिलेबी कोणी आणणार नाही.

फ्लेक्स लागला त्या दिवसापासून चिन्मयीनं मैदानावर पाय ठेवला नव्हता.

"ले ही लेंगे मुझे," ती म्हणायची. "मला माझं काम माहीत आहे."

तिची आई, विनता, ओरडून थकली. विजेच्या दफ्तरात साहेबाशी भांडणारा अंबरीश पोरीच्या एका नजरेला भ्यायचा. निवड अशी हातची जाताना दिसत होती, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शनिवारी दुपारी तो तोंड लपवायला कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

तिथं त्याची फुटबॉल टीम होती. हा खेळ आपण खेळायचा नसतो, आपण मॅनेजर. कोणाला उतरवायचं, कोणाला दटावायचं, कोणाची पाठ थोपटायची, एवढंच आपल्या हाती. मैदानावर खेळाडूंचे ठिपके धावतात ते त्यांच्या स्वतःच्या मर्जीनं. त्यानं क्लबचं नाव अधारताल ठेवलं होतं आणि हौसेनं एक खेळाडू बनवली होती, नऊ नंबरची चिन्मयी. वेग, ताकद, जिद्द, सगळे आकडे त्यानंच भरलेले, बाप म्हणून थोडे जास्तच. सीझनभर तिनं गोलांमागून गोल मारले. आज फायनल होती, समोर अगदीच मामुली टीम, आणि सहायक कोचचा निरोप आला होता: पोरींना वाटतंय, कप जिंकलेलाच आहे. नऊ नंबरला सगळ्यांत जास्त.

अंबरीशनं नऊ नंबरला एकटं बोलावून बजावलं. खेळात तशी सोय असते. उत्तर आलं इंग्रजीत, पण अर्थ तोच: मला माझं काम माहीत आहे.

आकडे त्यानं भरले होते. हे वाक्य नाही.

त्यानं तिला बेंचवर बसवलं.

नेमकी तेव्हाच खरी चिन्मयी जिलेबी चघळत मागे येऊन उभी राहिली.

"बाबा! मी कुठं आहे?"

"बेंचवर."

"काहून? गोल कोणी मारले सगळे? तुमच्या त्या ढिल्या कॅप्टननं?"

"हवेत आहेस तू."

"मी का ती?"

"ती," अंबरीश घाईनं म्हणाला.

"फायनल हरून राहिले तुम्ही. लिहून घ्या."

हाफ टाइमच्या आधी अधारतालवर गोल बसला. चिन्मयीनं टाळ्या वाजवल्या. "और बिठाओ मुझे!"

साठाव्या मिनिटाला अंबरीशनं नऊ नंबर मैदानात उतरवला.

"आता पाहा," म्हणत तिनं खुर्ची ओढली.

नऊ नंबर पाहण्यासारखाच होता. चालत होता. पास आला, सोडला. चेंडू हिसकावला गेला तरी वळून पाहिलं नाही. कमरेवर हात ठेवल्यासारखा मधोमध उभा.

चिन्मयीचं चघळणं थांबलं.

"ही काय करून राहिली?"

अंबरीशनं माउसवरचा हात काढून घेतला.

"अरे भाग ना! पीछे भाग! तुझाच बॉल गेला न, बाई!"

समोरची एक पोरगी चेंडू घेऊन एकटीच गोलकडे सुटली होती. अंबरीशनं कशालाही हात लावला नव्हता. आणि नऊ नंबर वळला. पार त्या टोकापासून निघाला. अर्धं मैदान गेलं, पाऊण गेलं. सीझनभर जी कधी बचावाला मागे आली नव्हती, ती आपल्याच गोलसमोर घसरत आली आणि तिनं चेंडू बाहेर फेकला.

एक ठिपका. ना हात, ना पाय, ना तोंड. त्याच्यात ही लाज कुठून आली? देवळात पाय न ठेवणारा अंबरीश, पण त्या क्षणी त्याला चपला काढाव्याशा वाटल्या.

फायनल ते हरलेच.

"हे माझ्यासाठी केलं न तुम्ही?" चिन्मयीनं हळूच विचारलं.

"नाही गं. मला कप पाहिजे होता."

खरं तेच होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग पलंगाखालून बूट ओढून त्यांची वाळलेली माती ठोकू लागली.

"बाबा, तो फ्लेक्स कोण काढेल? त्याच्याखालून बूट घेऊन कशी जाऊ मी?"

"नेता चिडेल."

"चिडू द्या."

संध्याकाळी अंबरीशनं दफ्तरातली शिडी आणून खांबाला लावली. लाइनमन अनुपमनं ती खालून धरली. भर रस्त्यात, सगळ्या दुकानदारांसमोर, अंबरीशनं वरची दोरी सोडली. नेता कमरेत वाकला. तेव्हा भिंतीपलीकडचं मैदान दिसलं; चिन्मयी मागच्या गल्लीनं तिथं सरावाला गेली होती.

वरून पोरी ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. त्यांतल्या एका ठिपक्याचा चेंडू गेला. तो थांबला. अंबरीशचाही हात थांबला. इथले आकडे त्यानं भरलेले नव्हते.

ठिपका वळला आणि जीव तोडून मागे धावला.

"भैया, उतरोगे कि नहीं?" अनुपम खालून ओरडला.

"रुक जा," अंबरीश म्हणाला. "रुक जा जरा."