स्नोबस कोणी चालवली

दारावरची पितळी पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नरेंद्र दातार यांच्या स्मरणार्थ. १९७८च्या हिमवादळात त्यांनी ही गाडी चालवत नेली आणि एका बाळाचा जीव वाचला." इंग्लिशमध्ये कोरलेली, चकचकीत, चार स्क्रूंनी ठोकून बसवलेली. माझा मुलगा नकुल शेजारी उभा होता, माझ्या डोळ्यांना पाणी कधी येतं याची वाट बघत. आवडलं का, म्हणाला. मी म्हटलं, अक्षर छान आहे.

नरेंद्र माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला. फार चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हा शहाणपणा मला कुणी शिकवायला नको. चांगला माणूस होता. पण ती गाडी त्याने चालवली नव्हती. मी चालवली होती.

गाडी म्हणजे बर्फावर चालणारी बस. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रणगाड्याला असतात तसे पट्टे, अंग प्लायवूडचं आणि बाजूला गोल खिडक्या. इंजिन मागे, मागच्या सीटच्या पाठीला लागून. मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठी आम्ही तेव्हा राहायचो. हिवाळ्यात तिथे रस्ता कुठला आणि शेत कुठलं तेच कळायचं नाही. मग हॉस्पिटलची ही स्नोबस निघायची. मी त्या हॉस्पिटलची डॉक्टर. अमेरिकन डॉक्टर त्या गावाकडे ढुंकून बघत नव्हते, म्हणून नागपूरला शिकलेल्या सुलेखा दातारचं नशीब उघडलं. नरेंद्र गावातल्या पेपर मिलमध्ये केमिस्ट होता.

गाडी चालवायचा रेनो नावाचा फिनिश म्हातारा. दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन गाडीशी. त्यानेच मला शिकवलं. म्हणाला, मी आजारी पडलो तर तू काय पोहत जाणार? मी साडीवर बर्फाची पँट चढवून शिकले. पहिल्या दिवशी हॉस्पिटलचं कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशी नाही पाडलं. नरेंद्रला म्हटलं, तूही शिकून घे. तो म्हणाला, मला साधी गाडी बर्फावर घसरली तरी पोटात गोळा येतो, मला यातून माफ कर.

त्या वादळात रेनो पाय मोडून घरी पडला होता. तळ्याकाठच्या एका शेतावरून फोन आला, बाई अडली आहे. नरेंद्र मला एकटीला सोडेना आणि सहा वर्षांच्या नकुलला ठेवायला कुणी नव्हतं. शेवटी तिघं निघालो. मी पुढे, स्टिअरिंगवर. नरेंद्र मागच्या सीटवर, पोराला मांडीवर घेऊन, डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत. 'वामांकारूढ'पर्यंत आला की पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या वाटेत त्याला उलटी झाली, तीही माझ्या बॅगेत. मी तशीच चालवत राहिले. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मुलगी झाली, निळी पडली होती, मग रडली. झालं.

पुढे काय झालं ते ऐका. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहायला आलो. पहिल्याच गणपतीत, पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा त्या जेवणाला, मी कुणाला तरी ही वादळाची गोष्ट सांगत होते. एक जण नरेंद्रकडे वळून म्हणाले, बापरे, दातार, एवढ्या बर्फात तुम्ही गाडी हाकलीत? नरेंद्र हसला. नाही म्हणाला नाही, फक्त हसला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मसालेभाताकडे बघितलं. पुढच्या वर्षी मात्र तो हो म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी उभा राहून, हात फिरवून स्टिअरिंग दाखवायला लागला. वादळ दरवर्षी वाढत गेलं. एका वर्षी तर त्यात लांडगे आले.

आयत्या बिळावर नागोबा. आणि मी काय करत होते? वाट्या भरत होते. घरात मी त्याला अरे-तुरे करायचे, चारचौघांत अहो-जाहो. आणि चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या आईने मला स्वयंपाकाच्या आधी शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायची. घरी आल्यावर मी भांडायचे. तो म्हणायचा, अगं, लोकांना मजा वाटते, तुझं काय जातं? खरंच, काय जातं? मी हजारो बाळंतपणं केली, मला काय कमी होतं? पण ती गाडी मला हवी होती. डॉक्टरकी मी शिकून मिळवली होती. ती वाट मी भीतीने थरथरत काढली होती, आणि भीती माझी होती तर फुशारकीही माझीच असायला हवी होती. शोकसभेला तीन जणांनी तीच गोष्ट सांगितली. एकाने तर लांडग्यांसकट.

आणि मग नकुलला ती गाडी सापडली. नकुल इंजिनांचाच माणूस, नोव्हायला एका कंपनीत इंजिनं ट्यून करतो, लॅपटॉप लावून. त्या गावाबाहेरच्या कुणाच्या तरी कोठारात गाडी कुजत पडली होती, ती तो ट्रेलरवर घालून घेऊन आला. प्लायवूडला बुरशी, पट्ट्यांचं रबर फाटलेलं, सीटमध्ये उंदरांची पिलावळ. मला ती बघून रडू आलं. मी त्याला तिथेच स्वच्छ सांगितलं की मला एकच हवंय, मरायच्या आत ही गाडी एकदा त्या गावातून मला चालवायची आहे. तो म्हणाला, बघू, आई.

दोन हिवाळे तो राबला, हे मान्य करते. सगळं इंजिन सुटं केलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्ब्युरेटर उकळून साफ केला, पट्टे नवे करून आणले. जुन्या कारखान्याचे फोटो भिंतीवर चिकटवून प्रत्येक स्क्रू तसाच, प्रत्येक रंग तसाच. मी डबा घेऊन जायचे आणि सल्ले द्यायचे. तो म्हणायचा, आई, माझं पोट यावरच चालतं.

एकदा भंगाराच्या ढिगात मला माझा डबा दिसला. आमरसाचा पत्र्याचा डबा. शिकागोहून आणायचो आम्ही तेव्हा. कडाक्याच्या थंडीत गाडी सारखी बंद पडायची, म्हणून रेनोने आणि मी तो डबा कापून, वाकवून त्याचं नळकांडं केलं होतं. एक टोक एक्झॉस्टच्या गरम पाइपवर, दुसरं कार्ब्युरेटर हवा घेतो त्या तोंडावर. म्हणजे इंजिनाला गरम हवा मिळायची. मी नकुलला म्हटलं, हे का काढलंस? म्हणाला, ओरिजिनल नाही ते, फोटोत नाही. मी म्हटलं, फोटोत मीही नाही. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. मी डबा पिशवीत टाकला आणि घरी आले. त्यानंतर त्याने मला गॅरेजमध्ये येऊच दिलं नाही, सरप्राइज आहे म्हणून.

आणि आता हे सरप्राइज. त्याच गावची हिवाळ्याची जत्रा, शाळेच्या मैदानात सगळं गाव जमलेलं, थंडी उणे दहा. गाडी गावातल्या मिरवणुकीसाठी नवरीसारखी नटलेली. पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नरेंद्रचा फोटो, त्याला झेंडूचा प्लॅस्टिकचा हार. माझ्यासाठी मागे उशी आणि रग.

तेवढ्यात एक उंच बाई आली आणि मला घट्ट मिठी मारली. कार्ला. त्या वादळातलं बाळ, आता या जत्रेची मुख्य. तिची आई केव्हाच गेली. आईकडून तिला डॉक्टर आले होते एवढंच माहीत होतं, बाकीचं सगळं नकुलच्या इमेलमधून कळलेलं. डोळे पुसत म्हणाली, तुमच्या मिस्टरांमुळे मी आज जिवंत आहे. तिच्या गळ्याचा वेढा मी माझ्या या दोन बोटांनी सोडवला होता. मी म्हटलं, हो का. आणि मनात नरेंद्रला असं काही बोलले की ते इथे सांगत नाही.

नकुलने इंजिन सुरू केलं. काय सुरेख आवाज होता. मला क्षणभर राग विसरायला झालं. मग त्याने ॲक्सिलरेटर दिला आणि कार्ब्युरेटरमधून फाट-फाट आवाज येऊन गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. बँडवाली पोरं थांबली. नकुलने मागचं झाकण उघडलं, ठिणगी वेळेवर पडते का ते बघायला टायमिंग लाइट लावला, पॉइंट्सची फट मोजली, सगळं जिथल्या तिथे. तो चक्रावला. म्हणाला, गॅरेजमध्ये घड्याळासारखी चालत होती.

चालेलच. गॅरेजमध्ये हीटर होता. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, आणि थंडीत त्या पेट्रोलचीही धड वाफ होत नाही. खिचडीत तांदूळ वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं तर काय होणार? मला पहिल्या फाट आवाजालाच कळलं होतं. पण मी बोलले नाही. उशीवर बसून चहा प्यायले. हो, मुद्दाम. इतकी वर्षं गप्प बसले, अजून दहा मिनिटांनी काय बिघडणार होतं?

शेवटी नकुल कार्लाला म्हणाला की ट्रॅक्टर लावून ओढत नेऊ. ते मात्र मला सहन झालं नाही. मी उठले, येताना पिशवीत टाकून आणलेला तो आमरसाचा डबा काढला आणि त्याला बाजूला हो म्हटलं. डबा अजून बरोब्बर बसला. तारेने आवळला, पेट्रोल जरा जास्त जावं म्हणून मिक्स्चरचा स्क्रू थोडा सैल केला आणि सुरू कर म्हटलं. दोन-तीन मिनिटं इंजिन तापू दिलं. मग त्याने ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी मैदानभर गरजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नकुल माझ्याकडे बघत राहिला.

मी हात पुसले, पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. त्याने माझा हात धरला. प्लीज आई, म्हणाला, तू अठ्ठ्याहत्तरची आहेस, मी चालवतो, बाबांसाठी.

बाबांसाठी. झालं. जे इतक्या वर्षांत बोलले नव्हते ते मी बोलले. चारचौघांत, आणि इंग्लिशमध्ये, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको.

"तुझ्या बाबांनी ही गाडी एक फूटसुद्धा चालवली नाही. मी चालवली. तो मागे बसून ओकत होता."

कार्लाने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि नकुल, जो मराठीत विचारलं तरी आयुष्यभर इंग्लिशमध्ये उत्तर देत आला, तो हळू आवाजात मराठीत म्हणाला,

"मला माहितीये, आई. मी तिथेच होतो ना. बाबांच्या मांडीवर."

माझ्या पायाखालचा बर्फ सरकला. सहा वर्षांचा होता, मी धरून चालले होते की झोपला असेल, विसरला असेल. तो म्हणाला की त्याला सगळं आठवतं, माझी पाठ, माझी वेणी, रामरक्षा. मग मी विचारलं, मग ही पाटी काय आहे? तो म्हणाला,

"तू कधीच काही बोलली नाहीस. मला वाटलं, ती गोष्ट तू बाबांना देऊन टाकलीस."

देऊन टाकलीस. माझ्या अंगाची आग आग झाली. त्याच्यावर, नरेंद्रवर, माझ्या आईवर, त्या सगळ्या वाट्यांवर. दिली नव्हती रे. मी भात वाढत होते आणि ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि तू, माझं पोर, सगळं बघत होतास. हे सगळं मी त्याला म्हणाले की नुसतं मनात म्हणाले, मला आता सांगता येत नाही. पण त्याचा चेहरा उतरला. तो ट्रेलरकडे गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, पाटी काढायला.

मी म्हटलं, ते आल्यावर. आधी मागे बस.

तो मागे जाऊन बसला, उशी बाजूला करून. मी पुढचा फोटो उचलला, हारासकट, आणि त्याच्या हातात दिला.

"बाबांना मांडीवर घे. ते तुला घेऊन बसले होते, तसं."

फोटोच्या रिकाम्या जागेवर मी कार्लाला बसवलं. जिच्यासाठी त्या वादळात ही गाडी काढली होती, ती आज पहिल्यांदाच तीत बसली. चोक अर्धा ओढला, क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी हलली, पट्ट्यांनी बर्फ धरला आणि आम्ही मैदानातून रस्त्यावर आलो.

"आई, हळू," मागून आवाज आला. अगदी बापाचा आवाज.

मी ॲक्सिलरेटर दाबला.