उलटं की सुलटं

विज्ञानाच्या बाई शाळेत नव्या होत्या. नुसतं सांगण्यापेक्षा दाखवलेलं डोक्यात पटकन शिरतं, यावर त्यांचा विश्वास. म्हणून सातवीला त्यांनी उष्णतेवरची फिल्म लावली. पडद्यावर मेणबत्ती वितळू लागली आणि मागच्या बाकांवर निवांत फुल्ली-गोळा सुरू झाला.

एक भाग पुन्हा दाखवावा म्हणून बाईंनी फिल्म मागे ओढली. तसं ओघळलेलं मेण वर चढायला लागलं, मेणबत्ती उंच होत गेली.

वर्गात एकच गिल्ला, "बाई, परत उलटं!"

बाईंनी बर्फ उलटा दाखवला, उकळतं पाणी उलटं दाखवलं. पोरं खिदळत होती. मग घड्याळाचा लंबक आला.

"हे सुलटं की उलटं?" बाईंनी विचारलं. एकमत होईना.

"मेणबत्तीचं लगेच कळलं, मग याचं का नाही कळत?" भिंगरी म्हणाली. एका जागी बसणं ठाऊकच नसल्यानं तिला हे नाव पडलं होतं.

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "घरून अशी फिल्म काढून आणा, की उलटं-सुलटं ओळखताना आम्ही सगळे फसलो पाहिजे."

दुसऱ्या दिवशी भिंगरीची फिल्म लागली. तिचे बाबा नुकतीच आंघोळ करून घरातल्या फरशीवरून चालत येत होते. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या.

"शाळेत पिक्चर चालतात म्हणे?"

"तुम्हीच सांगा मॅडम, हे उलटं की सुलटं?" भिंगरीनं विचारलं.

"यात सांगायचं काय? चांगले सरळ चालताहेत."

"थांबा!" भिंगरीच्या बाकावरची शेजारीण ओरडली. "ओल्या पायांचे ठसे पुढे आहेत, मागची फरशी कोरडी! पाय पडायच्या आधीच ठसा?"

बाबा लेकीच्या हट्टापायी उलट्या पावलांनी चालले होते आणि शेवटी कपाटावर आपटले होते. मुख्याध्यापिका हसत आत आल्या आणि रिकाम्या बाकावर बसल्या.

वर्गानं नियम बांधला. काही वितळलं, फुटलं, ओलं झालं तर कळतं. नुसतं हलत राहिलं तर नाही.

"मग झोपलेला माणूस?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "पोट वर-खाली होत असतं. त्याचं कळेल?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मला खरंच माहीत नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीआधीच मुलांनी रात्री काढलेल्या फिल्म घेऊन त्यांना घेरलं.

"बाई, आमचे आजोबा श्वास पटकन घेतात, सोडतात सावकाश! उलटं केलं की लगेच ओळखू येतं."

"काहीतरीच! आमच्या बाळाचं दोन्ही सारखंच असतं."

मुख्याध्यापिकाही आल्या होत्या. "मी ह्यांच्यासमोर मोबाइल धरला, तर हे जागेच झाले. आता संशयानं बघतायत माझ्याकडे."

बाईंनी आजोबा आणि बाळ पडद्यावर शेजारी शेजारी लावले. सगळा वर्ग पुढे सरकला. भिंगरी हळूच म्हणू लागली, "आत… बाहेर… आत…"