मिटल्या ओठांची गायिका

मी एक जुनी गायिका आहे, पण मला गळा नाही. मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये अक्षरांशेजारी चिमुकली चित्रं असतात ना, त्यांतलीच मी एक इमोजी. रंगवलेले केस, डोळ्यावर चांदणी, हातात माईक. माझ्या चित्रकारानं सगळं मन लावून काढलं, ओठ तेवढे मिटलेले ठेवले. कुणी कार्यक्रम गाजवला की लोक कौतुकानं मला पाठवतात. कुणी न्हाणीघरात बेसूर ओरडलं तरी चिडवायला मीच. एका घरात मात्र मला वेगळाच अर्थ मिळाला.

त्या घरातले सासरे डोकेदुखीनं बेजार होते. चमचा पडला तरी त्यांच्या कपाळात कळ जाई. दारं हळू लावायची, बोलायचं ते कुजबुजत. घरच्या सुनेचा गळा गोड होता, पण तिनं कधी तक्रार केली नाही. सासूबाई सासऱ्यांना तपासणीला घेऊन गेल्या की ती पलीकडच्या इमारतीतल्या नणंदेला मला पाठवी. सोबत एक अक्षरही नाही. नणंद समजायची, घर मोकळं आहे, ये. मग खिडक्या लावून दोघी मनसोक्त गायच्या. त्या दिवसांत मला फार मान होता.

पुढे तापाचं निमित्त झालं आणि सून गेली. तिचा फोन कपाटात पडून राहिला. सासूबाईंचा फोन बिघडला तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला.

त्या दुपारी त्यांना लेकीकडून औषध मागवायचं होतं. चष्मा सापडेना. चाचपडणारं बोट माझ्यावर पडलं आणि मी निघाले.

नणंद कपड्यांना इस्त्री करत होती. तिच्या फोनवर 'वहिनी' हे नाव उजळलं. खाली मी. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ती धावत आली.

"अगं, काय झालं? चेहरा का असा?" सासूबाईंनी विचारलं.

"वहिनीनं बोलावलं."

सासूबाई मट्‌कन खुर्चीत बसल्या. मग हातातल्या फोनकडे बघून त्यांना उलगडा झाला. लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं.

"माझ्या घरात गात होती, आणि मी एकदाही ऐकलं नाही?" सासूबाई म्हणाल्या. "फोनमध्ये असेल ना गं तिचा आवाज?"

दोघींनी फोन पालथा घातला. आवाज कुठेच नव्हता. संदेशांमागून संदेश, आणि प्रत्येकात मीच, ओठ मिटून हसणारी. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नणंदेनं डोळे पुसले आणि वहिनीचं आवडतं गाणं हळूच सुरू केलं. तोच आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "असं नाही. ती जरा खालून उचलायची."

दोघींच्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी आत जाऊन विचारलं, "तुम्ही कधी ऐकलंत?"

"चादरींच्या घड्या घालताना गुणगुणायची. मी झोपेचं सोंग घ्यायचो. जागा आहे असं कळलं असतं तर थांबली असती."

"तिला एकदा तरी सांगायचं होतंत."

कपाळ दाबून धरत सासऱ्यांनी खालचा सूर लावला. नणंद त्यामागून गाऊ लागली. सासूबाई दाराला टेकून ऐकत होत्या, पण त्यांची नजर घडी न घातलेल्या चादरीवर होती.

हल्ली सासूबाई मला मुद्दाम पाठवतात आणि लेक गायला येते. तरी 'वहिनी' हे नाव उजळलं की क्षणभर तिचा श्वास अडकतो. ते नाव बदलायचा धीर तिला होत नाही.

मित्रांनो, मला खुशाल पाठवा. पण तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल तर जवळ जा, ऐका, आणि ऐकल्याचं सांगा. ती सून कशी गात होती, हे तुम्ही मला विचारलंत, तर मी नुसती हसत राहीन.