चौथा सड वासराचा

मी धाकूच्या गोठ्यातली मारकी गाय बोलतेय. माझं नाव तांबी, पण डोंबिवली गावात ते कुणी घेत नाही. 'मारकी' म्हटलं की सगळ्यांना कळतं. ही मारकी झाली कशी, हे मात्र आजवर एकानेही विचारलं नाही.

मुळात मी गरीब गाय. धाकूची आई हौसाबाई माझी धार काढायची. तीन सड माणसांचे, चौथा वासराचा, हा तिचा नेम. चौथ्याला ती हात लावायची नाही. पुढे तिचे डोळे गेले, धार धाकूकडे आली, आणि त्याच सुमारास कल्याणला रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर दूध जाऊ लागलं. साहेबाला चहात दूध लागतं. वासराचं काय, ते पेंढा चघळेल! माझं पहिलं वासरू महिन्याच्या आत खंगून मेलं. धाकू म्हणाला, "नशिबात नव्हता." नशिबाला चार सड पिळता येत नाहीत, धाकूला येतात.

दुसऱ्या वेताला पाडी झाली. या वेळी मी ठरवलं, हिच्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही. धाकूचा भाऊ परशुराम कासंडी घेऊन आला, त्याला उकिरड्यात लोळवला. धाकूच्या मांडीत शिंग घातलं. त्यांनी माझ्या गळ्यात लोढणं अडकवलं. चालताना तो ओंडका गुडघ्यांवर आपटायचा, तरी मी हटले नाही.

मग ओटीवर बैठक बसली. विकावी, तर मारकी गाय घेणार कोण? खाटकाला देणं पाप. वासरू उपाशी मारलेलं चालतं, गाय खाटकाला दिलेली चालत नाही. धर्म असा बारीक असतो. धाकूची बायको ठमाबाई तेवढी म्हणाली, "आवो, येक सड वासराला सोरा. मंग ती कशाला मारल?"

"तू मधी बोलू नको," धाकू म्हणाला.

त्याच आठवड्यात हौसाबाई वारली. मला खरंच वाईट वाटलं. तेराव्याला गोदान करावं, असं कल्याणच्या अण्णा भटजींनी सांगितलं आणि धाकूचे डोळे चमकले. आईला पुण्य, आणि घरची पीडा बाहेर! पण दानाची गाय सवत्स हवी, म्हणजे वासरासकट. पाडी हातची घालवायला धाकू थोडाच खुळा! शेजारच्या काळूरामचा आई मेलेला गोऱ्हा आणून त्याने माझ्याशेजारी बांधला, आणि माझी पाडी गोठ्यात कोंडली. माझे पाय बांधून, शेपूट हातात धरून धाकूने पाणी सोडलं, तेव्हा ती आतून हंबरत होती. भटजींनी ऐकलं. त्यांनी मंत्र जरा मोठ्याने म्हटले.

आता मी भटजींच्या परसात आहे. पाडीवाचून मला पान्हा फुटत नाही. भटजी कुरकुरले की त्यांची बायको सुमती हसून म्हणते, "धर्माची गाय आणि दात का गं नाय!" तो गोऱ्हा भुकेने जवळ येतो आणि मी त्याला लाथ मारते. त्याचा काहीच दोष नाही. तरी मारते.

माझं शेपूट धरून हौसाबाई म्हणे वैतरणी पार करणार. नेईन मी तिला. तिने माझं कधी वाईट केलं नाही. पण मधल्या पाण्यात ती विचारील, "तुजा वासरू कुठं हाय गो?" तेव्हा तिच्या लेकाचं नाव घेऊ, की गप्प राहू, एवढं मला कुणीतरी सांगा.