तीस दिवसांच्या मुदतीचं पत्र

मित्रांनो, एका बैठ्या घराच्या दारालगत भिंतीवर गंजत बसलेली पत्रपेटी, ती मीच. घरमालक फिटर. कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला स्वतःच्या हातानं घडवलं. सांधे इतके चोख, की वादळी पावसातही आतलं पाकीट कोरडं राही. "पेटी असावी तर अशी!" असं शेजारी म्हणत आणि मी फुलून जाई.

पुढे कारखाना दुसऱ्या राज्यात हलला. फिटरदादा, वहिनी आणि त्यांची लेक ठमी यांनी बिऱ्हाड तिकडे नेलं आणि हे घर एका नर्सताईंना भाड्यानं दिलं.

"दादा, पेटीची किल्ली?" ताईंनी विचारलं.

"असू दे माझ्याच जुडग्यात. आता इकडे आम्हाला कोण पत्र पाठवतंय?"

तिकडचं घर हेच आता कायमचं, असं दादा सगळ्यांना सांगत. तिकडे नवं रेशनकार्डही काढलं; इथल्या कार्डावरचं नाव कमी करणं आणि कागदोपत्री पत्ता बदलणं मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेलं. त्यांचं टपाल माझ्या पोटात साचू लागलं. ताईंनी दोनदा फोन केला. "येईन तेव्हा बघू," एवढंच उत्तर आलं.

दोन वर्षांनी एका सकाळी दादा आणि ठमी धापा टाकत दारात उभे! ठमीला तिकडे गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि अचानक प्रवेशयादीतून तिचं नावच गळालं होतं. "आम्ही पत्र पाठवलंय," असं प्रवेशाच्या कचेरीतले लोक म्हणाले. कुठल्या पत्त्यावर, ते तुम्ही ओळखलंच असेल.

दादांनी मला उघडलं. पत्रांचा ढीग पायरीवर कोसळला. ठमीनं त्यातलं एक फोडून मोठ्यानं वाचलं. दोन्ही राज्यांच्या रेशनकार्डांवर तुमची नावं आहेत, खरे रहिवासी कुठले ते तीस दिवसांत कळवा, नाहीतर जागा रद्द.

पत्र येऊन चाळीस दिवस झाले होते. पाण्याचा एक थेंबही त्याला शिवला नव्हता.

दादा पाकिटावरची तारीख पुन्हा पुन्हा बघू लागले.

"बाबा, म्हणजे मी ना इकडची, ना तिकडची?"

मी हादरले. ज्या पोटाचं एवढं कौतुक, त्यानंच पोरीचं वर्ष गिळलं!

ताईंनी रजा टाकली, दादा आता इथे राहत नाहीत याचा पुरावा म्हणून भाडेकरार घेतला आणि त्यांच्यासोबत रेशनच्या कचेरीत जाऊन इथल्या कार्डावरचं नाव कमी करवलं. पण जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. ठमीला वर्षभर थांबावं लागलं.

मित्रांनो, माणसं गेलेली आम्हा मुक्या वस्तूंना दिसतात, पण पोस्टमनला ते आम्ही सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्हीच सांगायचं असतं, आणि वेळेत.